मूल आणि त्याचें घर: एका दोषारोपाचा इतिहास

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पांचव्या रात्रीं सटवाई येऊन त्याच्या कपाळावर त्याचा ललाटलेख लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. या समजुतींत भोळेपणा पुष्कळ असेल. पण तींत एक प्रकारची दयाहि आहे. मुलाच्या प्राक्तनाचा जाब ती त्याच्या आईस विचारीत नाहीं. पुढें मात्र मूल तीन वर्षांचें होऊनहि बोलेना, हांक मारिली तरी वळून पाहीना, एखादें चाक फिरवीत तासन् तास एकटेंच बसूं लागलें, कीं शेजारपाजार, सासर-माहेर आणि कित्येकदां डॉक्टरहि एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारूं लागतात: आईचें कोठें चुकलें? तिनें ग्रहण पाळलें नाहीं, नोकरी सोडली नाहीं, मुलाशीं पुरेसें बोलली नाहीं, त्याच्या हातीं मोबाइल दिला. काळ बदलतो तशी आरोपाची भाषा बदलते. आरोपी बदलत नाहीं.

हा प्रश्न केवळ अडाणी माणसांचा आहे असें कोणी समजूं नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्य देशांतील विद्वानांनीं हाच प्रश्न शास्त्राच्या भाषेंत विचारला, त्याचें चुकीचें उत्तर दिलें, आणि तें उत्तर मागें घेण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लावला. स्वमग्नता, जिला आतां सर्वत्र ऑटिझम या नांवानें ओळखतात, तिच्या इतिहासांतील हें प्रकरण आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. तसें करण्याचा आमचा हेतु केवळ जुनी हकीकत सांगण्याचा नाहीं. ज्या मुलांच्या मेंदूची वाढ इतरांहून निराळ्या वाटेनें होते, त्यांस साह्य करावयाचें तर त्यांच्या सबंध घरास साह्य केलें पाहिजे. घराला वगळून किंवा घराला दोषी ठरवून मुलाचें भलें करूं पाहणारी योजना शेवटीं मुलाच्याच हिताच्या आड येते, ही गोष्ट या इतिहासावरून जितकी स्पष्ट होते तितकी दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१९४३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स येथें बालमानसोपचाराचें काम करणारे डॉ. लिओ कॅनर यांनीं ११ मुलांच्या हकीकती एकत्र करून प्रसिद्ध केल्या. त्यांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. माणसांच्या संगतींत न रमणें, नित्याच्या क्रमांत जरासा बदल झाला तरी कासावीस होणें, भाषेचा विलक्षण रीतीनें उपयोग करणें, हीं लक्षणें या साऱ्यांत समान होतीं. तत्पूर्वीं १९२५ सालीं रशियांत ग्रून्या सुखारेवा या विदुषीनें ६ मुलग्यांचें बरेंच मिळतें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. परंतु पुष्कळ वर्षें त्याची कोणीं फारशी दखल घेतली नाहीं. ऑटिझमचा रूढ इतिहास म्हणून कॅनर यांच्या निबंधापासूनच सुरू होतो.

त्या निबंधांतील पहिला मुलगा मिसिसिपी राज्यांतील एका लहान गांवचा. त्यास तपासणीस आणण्यापूर्वीं त्याच्या वडिलांनीं, जे व्यवसायानें वकील होते, ३३ पानांचें टंकलिखित पत्र डॉक्टरांकडे पाठविलें होतें. मूल काय खातें, कोणतीं गाणीं गुणगुणतें, काय पाठ म्हणून दाखवितें, एकटें असतां किती आनंदांत दिसतें, हें सारें त्यांत बारकाईनें नोंदलेलें होतें. इतर मुलांच्या आईबापांनींहि अशाच रोजनिशा व टिपणें आणून दिलीं होतीं. म्हणजे ज्या निरीक्षणांवर या शास्त्राचा पाया घातला गेला, त्यांचा मोठा भाग मुळांत आईबापांचा होता. पण येथेंच पहिला अन्याय घडला. या टिपणांबद्दल आईबापांस धन्यवाद मिळावे तें दूरच. इतक्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवणारीं माणसें स्वतःच कांहींशीं विचित्र असलीं पाहिजेत, असा शेरा त्याच निबंधांत येऊन गेला. या ११ घरांत मनानें ऊबदार असे आईबाप फार थोडे दिसले, असेंहि कॅनर यांनीं नमूद केलें.

कॅनर हे निष्ठुर गृहस्थ नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे. दोनच वर्षें आधीं, १९४१ सालीं, त्यांनीं मातांचा कैवार घेणारें एक पुस्तक लिहिलें होतें. मुलांचें हें वेगळेपण उपजतच असावें, असा निष्कर्षहि त्यांनीं १९४३ च्या निबंधाच्या अखेरीस काढला होता. परंतु १९४९ च्या एका लेखांत, हीं मुलें जणुं बर्फाच्या कपाटांत जपून ठेवलीं गेलीं आणि त्यांस ऊब म्हणून मिळालीच नाहीं, अशा आशयाची उपमा त्यांनीं वापरली. उपमेचें एक दुर्दैव असें कीं ती सिद्धांतापेक्षां लवकर पसरते. “बर्फाच्या पेटीसारखी थंड आई” हा शब्दप्रयोग मासिकांतून, व्याख्यानांतून आणि दवाखान्यांतून सर्वतोमुखीं झाला, आणि उपजत कारणाविषयींचें वाक्य मागें पडलें. कॅनर यांच्याकडे येणारे आईबाप बहुधा सुशिक्षित व सांपत्तिक दृष्ट्या बरे होते. कारण दूरच्या नामांकित तज्ज्ञापर्यंत पोहोंचणें इतरांस शक्यच नव्हतें. जे दिसले ते तसे होते एवढ्यावरून, तसे असल्यामुळेंच मूल असें झालें, असा तर्क करण्यांत आला.

या तर्कास सर्वांत कठोर रूप शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम यांनीं दिलें. बेटलहाइम मूळचे व्हिएन्नाचे. नाझी अमदानींत दाखाऊ व बूखेनवाल्ड येथील छळछावण्यांत त्यांनीं १९३८-३९ सालीं बंदिवास भोगला होता, आणि १९४४ पासून ते शिकागो विद्यापीठाच्या एका निवासी शाळेचे प्रमुख होते. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथांत त्यांनीं छावणींतील कैद्याची मनःस्थिति आणि स्वमग्न मुलाची मनःस्थिति यांची तुलना केली. ज्याचें अस्तित्व कोणास नको आहे असें त्यास जाणवतें तें मूल आपल्या भोंवतीं तट उभारून आंत बसतें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मग उपाय काय? मूल घरापासून तोडून संस्थेंत ठेवणें. ज्या माणसानें स्वतः छळ सोसला होता, त्यानें हजारों निरपराध मातांस छळकांच्या जागीं नेऊन बसवावें, ही इतिहासांतील एक दुःखद विसंगति आहे. या मताचा अंमल वीस-पंचवीस वर्षें टिकला. फ्रान्ससारख्या देशांत तर त्याहूनहि पुष्कळ अधिक.

या मताखालीं घरांचें काय झालें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आई डॉक्टरांकडे मुलाची व्यथा घेऊन जाई आणि स्वतःवरील उपचारांची चिठ्ठी घेऊन परत येई. मुलास शब्द कसे शिकवावे, रात्रीं झोंप येईना तर काय करावें, बाजारांतल्या गोंगाटानें तें कानांवर हात ठेवून किंचाळूं लागलें तर त्यास कसें सांवरावें, हें तिला कोणी सांगत नसे. बापास कोणी विचारीत नसे. भावंडांचा तर कोठें उल्लेखहि नसे. मुलाचा दिवस चोवीस तासांचा. त्यांतील एक तास तज्ज्ञाचा आणि उरलेले तेवीस घराचे. त्या तेवीस तासांचीं माणसें खचलीं, तर एका तासाच्या विद्वत्तेनें काय साधणार?

ही कोंडी फोडली ती आईबापांनींच. १९६२ सालीं लंडन येथें कांहीं पालकांनीं एकत्र येऊन एक संस्था स्थापन केली. तीच आजची ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. डॉक्टर आणि आई एकाच देहांत नांदत असल्यामुळें, दोघींतील भिंत किती कृत्रिम आहे हें त्यांस कोणीं शिकवावें लागलें नाहीं. या संस्थेनें १९६५ सालीं लंडनमधील ईलिंग भागांत सिबिल एल्गार यांच्या हाताखालीं शाळा काढली, आणि मुलें मोठीं झाल्यावर त्यांचें काय, या प्रश्नास उत्तर म्हणून १९७४ सालीं सॉमरसेट परगण्यांत प्रौढांसाठीं निवासस्थान उभें केलें. पुढें १९७९ सालीं लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनीं लंडनच्या एका भागांतील मुलांची पाहणी करून, हें वेगळेपण एकाच ठशाचें नसून त्याच्या छटा अनेक आहेत, हें दाखवून दिलें.

अमेरिकेंत हेंच कार्य बर्नार्ड रिमलंड यांनीं केलें. ते आरमाराकडे नोकरीस असलेले मानसशास्त्रज्ञ. १९५६ सालीं जन्मलेला त्यांचा मुलगा स्वमग्न निघाला, आणि आपल्या पत्नीवर येऊं पाहणारा आरोप खरा कीं खोटा याचा छडा लावण्यासाठीं त्यांनीं मिळेल तेवढें वाङ्मय वाचून काढलें. १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फंटाइल ऑटिझम’ या ग्रंथांत, मातेच्या वर्तनास कारण ठरविणारा कोणताहि पुरावा अस्तित्वांत नाहीं आणि मूळ शरीररचनेंत शोधलें पाहिजे, असें त्यांनीं मुद्देसूद मांडलें. या ग्रंथास प्रस्तावना लिहिली ती खुद्द कॅनर यांनीं. पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, रिमलंड, रूथ सुलिव्हन व इतर पालकांनीं मिळून राष्ट्रीय संघटना स्थापिली. १९६९ सालीं त्या संघटनेच्या सभेंत वृद्ध कॅनर उभे राहिले, आणि आईबाप या नात्यानें तुम्हां सर्वांस आपण निर्दोष ठरवितों, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं काढले. २६ वर्षांपूर्वीं ज्यांच्या टिपणांवर निबंध उभा राहिला, त्यांचें ऋण त्या दिवशीं कांहीं अंशीं फिटलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९६७ सालचा एक योगायोगहि येथें सांगण्याजोगा आहे. ज्या वर्षीं बेटलहाइम यांचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षीं क्लॅरा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या अध्यापिकेनें ‘द सीज’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या स्वमग्न मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची ती हकीकत. दोन्ही पुस्तकांच्या नांवांत किल्ला आणि वेढा यांचीच कल्पना आहे. परंतु एकांत आईच्या थंडपणामुळें मूल तटाआड जातें, आणि दुसऱ्यांत तीच आई त्या तटाशीं वर्षानुवर्षें धीरानें बसून, मुलीच्या कलानें घेत, तिला एकेक पाऊल बाहेर आणते. पहिलें पुस्तक सिद्धांताचें, दुसरें अनुभवाचें. काळानें कौल कोणास दिला हें सांगावयास नकोच. १९७७ सालीं सुझन फोलस्टीन व मायकेल रटर यांनीं २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही मुलें स्वमग्न आढळलीं; द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांपैकीं एकींतहि तसें आढळलें नाहीं. आनुवंशिकतेचा वाटा यावरून उघड झाला, आणि आईच्या ‘थंडपणा’ची उपपत्ति शास्त्रापुरती तरी निकालांत निघाली.

परंतु आरोपांतून सुटका होणें वेगळें आणि कामांत भागीदारी मिळणें वेगळें. ही दुसरी पायरी एरिक शोप्लर यांनीं गांठली. शोप्लर हे शिकागोचेच विद्यार्थी. बेटलहाइम यांची पद्धति त्यांनीं जवळून पाहिली होती, आणि ती न पटल्यामुळें त्यांनीं अगदीं उलट वाट धरली. नॉर्थ कॅरोलायना येथें रॉबर्ट राइक्लर यांच्यासह त्यांनीं चालविलेल्या प्रयोगांत आईबाप हे रोगाचें कारण नसून उपचारांतील सहकारी मानले गेले. तज्ज्ञ मुलाबरोबर काम करून दाखवी, आईबाप पाहत; मग आईबाप घरीं तेंच करीत आणि आपल्या मुलाविषयीं जें त्यांसच ठाऊक असे तें तज्ज्ञास शिकवीत. १९७२ सालीं त्या राज्याच्या विधिमंडळानें ही योजना कायद्यानें स्थायी केली, आणि ‘टीच’ या नांवानें ती पुढें जगभर गेली. ज्ञान एकाच दिशेनें वाहत नाहीं, हें तत्त्व या योजनेनें व्यवहारांत आणलें. घरांतील इतरांकडे लक्ष जावयास मात्र आणखी कांहीं वर्षें लागलीं. १९८० नंतरच्या दशकांत सिॲटल येथें डॉन मायर यांनीं अशा मुलांच्या भावंडांसाठीं खेळींमेळींचे मेळावे सुरू केले. आईबापांचें सारें लक्ष एका मुलाकडे गेलेलें असतां दुसरें मूल मुकाट्यानें शहाणें होतें. त्या शहाणपणाची किंमत त्यासहि मोजावी लागते, हें तेथें प्रथमच उघडपणें बोललें गेलें.

आतां स्वदेशाकडे वळूं. कॅनर यांच्या निबंधानंतर एकच वर्षानें, १९४४ सालीं, मुंबईंत वकील या पारशी दांपत्यानें डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्तानें शाळा काढली. तीच पुढें ‘जय वकील’ या नांवानें प्रसिद्धीस आली. म्हणजे आपल्या मुंबईंतहि आरंभ घरापासूनच झाला. ऑटिझमच्या बाबतींत १९९१ सालीं दिल्लींत मेरी बारुआ या मातेनें ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. तेथें दूरदूरच्या गांवांहून आलेलीं आईबापें मुलासह कांहीं आठवडे राहतात आणि स्वतः शिकून परत जातात. कारण परत गेल्यावर त्यांच्या गांवीं तज्ज्ञ असेलच असें नाहीं. १९९५ सालीं पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा देशव्यापी महासंघ झाला. अशा संघटनांच्या आग्रहाचें फळ म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींस अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय या कायद्यानें केली. प्रत्येक अशा घरांत रात्रीं दिवा मालवल्यावर जो प्रश्न उरतो, “आमच्या मागें याचें कोण?”, त्यास भारतीय कायद्यानें दिलेलें हें पहिलें उत्तर होय. तें अपुरें आहे. पण प्रश्न ऐकला गेला, हें कांहीं थोडें नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यांत २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी असून तींत ऑटिझमचा स्वतंत्र समावेश झाला.

त्याच २०१६ सालीं गोव्यांतील ‘संगत’ या संस्थेनें इंग्लंड व पाकिस्तानांतील सहकाऱ्यांसह केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकायट्री’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. गोवा व रावळपिंडी येथील २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर तो आधारलेला होता. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं घरोघरीं जाऊन, मुलाशीं खेळतांना त्याच्या कलानें कसें घ्यावें, हें आईबापांस दाखविलें; खेळाचें चित्रीकरण पालकांबरोबर बसून पाहिलें आणि त्यांतून त्यांचेंच निरीक्षण वाढविलें. पालकांचा मुलाशीं मेळ वाढला आणि मुलें आपण होऊन अधिक संवाद साधूं लागलीं, असें आढळून आलें. मिसिसिपीच्या त्या पित्याचें ३३ पानांचें पत्र आणि गोव्याच्या घरांतील ही चित्रफीत यांत आम्हांस एकच सूत्र दिसतें. मुलाकडे टक लावून पाहणें हा आईबापांचा विकार नव्हे, तें त्यांचें सामर्थ्य आहे. शास्त्राचें काम त्या सामर्थ्यास वळण देण्याचें आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. घराचा कैवार घेतां घेतां मूलच विसरलें जाण्याचा धोका असतो. १९९३ सालीं जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीनें टोरोंटो येथील परिषदेंत पालकांस उद्देशून जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा, कीं तुम्ही कल्पिलेलें मूल आलें नाहीं याचें दुःख करा, पण तें दुःख आमच्यावर लादूं नका; आम्ही येथें आहों, आम्हांकडे पाहा. हा आक्षेप खरा आहे. मुलाच्या वेगळेपणास ‘घरावरील संकट’ म्हणत राहिल्यानें आईवरील दोष काढून मुलावर ठेवल्यासारखें होतें. घरास साह्य करावयाचें तें मूल ओझें आहे म्हणून नव्हे. ज्या हातांनीं त्याला वाढवावयाचें ते हात मोकळे, समजूतदार व न थकलेले राहावे म्हणून. दोन्ही हितें परस्परविरोधी नाहींत. एकाच दोरीचे ते दोन पीळ आहेत.

तेव्हां सबंध घरास साह्य म्हणजे काय? निदान सांगतांनाच, यांत तुमचा अपराध नाहीं, हें वाक्य डॉक्टरांनीं स्पष्ट शब्दांत उच्चारणें. आईस आठवड्यांतून कांहीं तास तरी विश्वासानें विसांवा मिळणें. बापानें केवळ खर्चापुरतें उभें न राहतां शिकवण्यांत भाग घेणें. आजी-आजोबांस खरी माहिती देणें, म्हणजे त्यांची माया टोमण्यांत वांया जाणार नाहीं. भावंडांच्या प्रश्नांस त्यांच्या वयास समजेल असें उत्तर देणें. शाळेनें पालकांस तक्रारीपुरतें न बोलावणें. आणि आईबापांच्या पश्चात् काय, याची व्यवस्था समाजानें व सरकारनें त्यांच्या हयातींतच करणें. यांतील एकहि गोष्ट चमत्कारासारखी नाहीं. अर्ध्याहून अधिक गोष्टींस तर पैसाहि लागत नाहीं.

इतिहासांतील हा दोषारोप मागें घ्यावयास विद्वानांस पंचवीस-तीस वर्षें लागलीं. आमच्या आळींतील, जिन्यांतील, लग्नकार्यांतील दोषारोप अजून मागें घेतला गेलेला नाहीं. तो मागें घेण्यास कोणत्याहि विद्यापीठाची वा सभेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. शेजारच्या घरांतील असें मूल मोठ्यानें ओरडूं लागलें तर दार लावून घेण्याऐवजीं त्या आईस, “थोडा वेळ मी बसूं का याच्याजवळ?” एवढें विचारतां आलें, तर वर सांगितलेल्या साऱ्या इतिहासाचा धडा आपण शिकलों असें होईल.